फूड ट्रेलर दिवे घाटातून ओढायचाय, वजन बसेल का?

हडपसरचा_तवा:
एका ॲक्सलचा फूड ट्रेलर दर शनिवारी हडपसरहून सासवडला न्यायचा आहे. काट्यावर ८४० किलो भरला, तोही पाणी आणि गॅस सोडून. मागच्या भिंतीला २०० लिटरची टाकी आहे, शिवाय १९ किलोचे दोन सिलिंडर. ट्रेलरला ब्रेक नाहीत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलो, ब्रेकवाला १,८०० आणि हिचवर (गाडीच्या मागची, ट्रेलर अडकवायची जोडणी) जास्तीत जास्त १०० किलो असं दिलंय. इंजिन दणकट आहे, चालून जाईल ना?

काटा_पावती:
नाही. पाण्याचे २०० आणि भरलेल्या सिलिंडरचे साधारण ७५ धरा, १,११५ झाले. ७५० हा आकडा इंजिनाचा नाही, ब्रेकचा आहे. घाट चढेल हो गाडी! परतीच्या उताराला मात्र ट्रेलरचा सगळा रेटा गाडीच्याच ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. ओव्हररन ब्रेकचा कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असतो, हिचवर बसतो) बसवा. गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्यानं कपलर आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. त्यासाठी चाकांना ब्रेकचे ड्रम हवेत, म्हणजे बहुधा ॲक्सलच बदलावा लागेल.
ट्रेलरची आरसीही बघा. त्यावरच्या वजनापेक्षा जास्त भरलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, वर जादा टनामागे २,०००.

चासी_नंबर:
मला त्या मागच्या टाकीची जास्त धास्ती वाटते. हिच ते ॲक्सल ३ मीटर आणि टाकी ॲक्सलच्या १.२ मीटर मागे धरली, तर टाकी भरताच हिचवरचा भार ८० किलोनं उतरतो. तिथं एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार लागतो, तुमच्या बाबतीत ८० ते १००. तो कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. टाकी ॲक्सलच्या वर आणा, नाहीतर रिकामी न्या आणि सासवडला भरा. अर्धी भरून तर नकोच, पाणी हिंदकळतं.
हिचवरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. सपाट जागा, चाकांना दगड, कपलरखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा. कपलर गाडीच्या हिचइतकाच उंच राहिला पाहिजे. हाच भार गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेतूनही वजा होतो, माणसं बसवताना तो धरा.

हडपसरचा_तवा:
टाकी रिकामी नेली तर ब्रेकचा खर्च वाचेल? आणि सिलिंडर पुढे ड्रॉबारवर, म्हणजे ट्रेलरच्या ओढायच्या दांड्यावर, ठेवू का?

काटा_पावती:
नाही वाचत, तरी ९१५ होतात. सिलिंडर ॲक्सलच्या २ मीटर पुढे ठेवले तर हिचवर ५० किलो वाढतील, ठेवून पुन्हा मोजा. उभेच बांधा, रेग्युलेटर काढा, व्हॉल्व्हला टोपी लावा. सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारखी अडकवा. कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडतो. उतारावर वरूनच खालचा गिअर टाका, आणि शेपूट हललं तर ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको. नवा ॲक्सल बसला की पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.