के-एटीपी चॅनेल नक्की कोणत्या गटात?

प्रश्न – बीटापेशी
पाठ्यपुस्तकात चॅनेल (पेशीच्या पटलातली आयनांची वाट) 'कशाने उघडतं' यावरून गट पाडतात: व्होल्टेज, लिगंड (चिकटणारा रेणू), ताण. स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन सोडणाऱ्या बीटा पेशीतलं के-एटीपी हे पोटॅशियम चॅनेल तर एटीपी चिकटल्यावर बंद होतं! मग ते लिगंड-गेटेड की नुसतं पोटॅशियम चॅनेल? शिवाय पॅचवर (पिपेटने ओढून काढलेल्या पटलाच्या तुकड्यावर) साधारण १० मायक्रोमोलर एटीपीला ते निम्मं बंद होतं आणि पेशीत एटीपी असतं काही मिलिमोलर. मग ते उघडतं कधी?

उत्तर – पटलवासी
दोन निकषांची गल्लत होतेय. उघडझाप कशाने होते हा एक, जनुक कोणत्या कुळातलं हा दुसरा. कुळाने ते केआयआर (पोटॅशियम चॅनेलचं एक कुळ): केआयआर६.२ या प्रथिनाचे चार घटक मिळून छिद्र, भोवती एसयूआर१ या नियंत्रक प्रथिनाचे चार. केआयआरचा प्रत्येक घटक पटल दोनदाच ओलांडतो. केव्ही (व्होल्टेजने उघडणाऱ्या पोटॅशियम) चॅनेलच्या घटकात पटल ओलांडणारे सहा खंड असतात आणि चौथ्यातले धनभारित अर्जिनिन व्होल्टेज ओळखतात. इथे तो खंडच नाही. एसयूआर१ एबीसी वाहकांच्या (एटीपी वापरून पटलातून पदार्थ नेणाऱ्या प्रथिनांच्या) कुळातलं, पण वाहून काहीच नेत नाही. एटीपी पेशीच्या आतून केआयआर६.२ ला चिकटतं, म्हणून त्याला निकोटिनिक रिसेप्टरच्या (ज्याला ॲसिटिलकोलीन बाहेरून चिकटतं) पंगतीला बसवू नका.

उत्तर – मायक्रोपिपेट
उघडतं कधी, तर एसयूआर१ वर मॅग्नेशियम-एडीपी (एडीपी म्हणजे एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू) बसल्यावर; ते एटीपीच्या उलट ओढतं. पटलातलं पीआयपी२ हे मेदद्रव्यही उघडं ठेवायला मदत करतं. बीटा पेशीचा विद्युत रोध मोठा, त्यामुळे थोडी चॅनेल उघडी असली तरी पटलाचा विभव उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास टिकतो. ग्लुकोज वाढलं की एटीपी-एडीपीचं गुणोत्तर वाढतं, ही थोडीही मिटतात, विभव शून्याकडे सरकतो, त्याने एल-प्रकारची कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि इन्शुलिन सुटतं. ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध चॅनेल मिटवण्याचं हेच काम ग्लुकोजशिवाय करतं.

उत्तर – पटलवासी
इनसाइड-आउट पॅच (पटलाची आतली बाजू द्रावणाकडे) करणार असाल तर: पॅच पेशीपासून सुटल्यावर करंट ओसरत जातो, मुख्यतः पीआयपी२ कमी होतं म्हणून. त्यामुळे प्रत्येक मात्रेच्या आधी आणि नंतर एटीपीविना करंट मोजा, नाहीतर ओसरणंच एटीपीचा परिणाम म्हणून आलेखात येईल. एटीपी घातल्यावर द्रावण आम्लीय होतं. केओएचने पीएच पुन्हा ७.२ वर आणा, कारण आम्लात एटीपीची पकड सैल पडते. केआयआर६.२ चा निव्वळ प्रतिसाद हवा असेल तर मॅग्नेशियम काढा. पण त्याच द्रावणात डायझॉक्साइड (हे चॅनेल उघडणारं औषध) तपासू नका, मॅग्नेशियम-न्यूक्लिओटाइडशिवाय ते चालतच नाही. उगाच औषधाची बाटली बदलत बसाल.

बीटापेशी
एचईके पेशीत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) एकटं केआयआर६.२ घातलं तर?

मायक्रोपिपेट
पटलावर जवळपास येणारच नाही. त्याच्या शेपटीतला आरकेआर (तीन अमिनो आम्लांचा) संकेत त्याला ईआरमध्ये (पेशीतलं प्रथिनं घडवणारं जाळं) अडकवून ठेवतो. एसयूआर१ सोबत असेल तर तो झाकला जातो. एकट्यानेच हवं असेल तर शेवटची २६ अमिनो आम्लं कापलेलं रूप वापरा.