एकांकिकेतला शास्त्रज्ञ खलनायकच हवा का? स्नेहसंमेलनासाठी सल्ला हवा

अमळनेर_रंगमंच यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सातवी-आठवीच्या मुलांची 25 मिनिटांची एकांकिका बसवायची आहे. मुलांनीच लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात रावेरकडच्या एका गुप्त प्रयोगशाळेत एक शास्त्रज्ञ विषारी बियाणं तयार करतो, गाव आजारी पाडतो आणि शेवटी आपल्याच स्फोटात मरतो. विस्कटलेले केस, पांढरा कोट, हिरवा धूर, गडगडाटी हसणं, काही म्हणता काही सुटलेलं नाही.

हे मुलांच्या डोक्यात येतं कुठून? खलनायक काढला तर नाटक सपक होतं, मग त्याचं करायचं काय? वर्गात शास्त्रज्ञाचं चित्र काढायला लावून आधी आणि नंतर तुलना करायची आहे, ती नीट कशी करावी? शिवाय एका पालकांचं म्हणणं असं की टिश्यू कल्चरची केळी म्हणजे प्रयोगशाळेतला असाच उद्योग आहे, तेव्हा खर्डा आहे तसाच राहू द्या. त्यांना काय सांगायचं?

---

तापीकाठ

ताई, आधी उगमाचं सांगतो. विजेच्या ठिणग्या आणि उकळते चंबू हे सिनेमाने दिलेलं नेपथ्य आहे. मेरी शेलीच्या 1818 च्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीत राक्षस घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा डॉक्टर नसून इंगोलश्टाटला शिकणारा विद्यार्थी आहे. राक्षसात जीव कसा ओतला हे तो मुद्दाम सांगत नाही, त्यामुळे पुस्तकात यंत्रसामग्री जवळजवळ नाहीच. ती आली 1931 च्या चित्रपटात. काळा हातमोजा आणि पिंजारलेले केस त्याच्याही आधी, 1927 च्या 'मेट्रोपोलिस' चित्रपटातल्या रोटवांग या शास्त्रज्ञाकडे दिसतात. मूळ पुस्तकात व्हिक्टरचा गुन्हा जीव निर्माण करण्यापेक्षा पुढचा आहे: निर्माण केलेल्याला पाहून तो पळून जातो आणि जबाबदारी टाकून देतो. नाटकाला हाच धागा जास्त कामाचा.

आपल्याकडचा साचा वेगळा आहे. मेलेल्यांना उठवणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे होती, ते असुरांच्या बाजूला होते आणि एका डोळ्याने अधू. तरी त्यांना कोणी वेडं म्हणत नाही, ते गुरूच राहतात. दुसरं उदाहरण तर खान्देशाला जवळचं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. याच भास्कराचार्यांबद्दल लीलावतीची दंतकथा सांगतात: लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र (वेळ मोजायची, तळाला भोक असलेली, पाण्यात हळूहळू बुडणारी वाटी) लावलं, मुलीच्या दागिन्यातला मोती त्यात पडून भोक बुजलं आणि घटका टळली. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली, ऐतिहासिक पुरावा म्हणून धरू नका. पण इथे गणिती दुष्ट नाही. हिशेब बरोबर, साधन बिघडलं. मुलांपुढे दोन्ही साचे ठेवा आणि तुमचा माणूस कोणत्या जातीचा ते त्यांनाच ठरवू द्या.

खलनायक काढू नका. फक्त दुष्टपणा एका डोक्यातून काढून चार टेबलांवर वाटून टाका. एकट्या माणसाला मारलं की प्रश्न मिटतो, म्हणून स्फोटाचा शेवट सोपा वाटतो. चार टेबलं असली की प्रत्येकाच्या हातून एकेक छोटी चूक होते आणि प्रेक्षकाला ती होताना दिसते.

---

बोंडअळी_धुळे

वरच्या 'चार टेबलां'साठी तयार प्रसंग देतो, खान्देशातल्या प्रत्येक घराला माहीत असलेला.

बीटी कापसाला, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातल्याने बोंडअळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या कापसाला, 2002 च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीची वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने, निदान पाच ओळींत लावायची होती. त्याला आश्रय पीक म्हणतात. बीटीला न जुमानणारी एखादीच अळी जगली, तर तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून या ओळींवर वाढलेले साधे पतंग मिळावेत, म्हणजे प्रतिकार पुढच्या पिढीत पातळ होत जावा, हा हिशेब. पण कडेच्या ओळींना अळी लागते, उत्पन्न कमी येतं, मग ती पुडी बांधावर फेकली जाई. काहींना ती कशाची आहे हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

2009-10 च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी क्राय1एसीला, म्हणजे बीटीतल्या त्या प्रथिनाला, दाद देईना. दोन जनुकांचं बियाणं 2006 पासून बाजारात होतं, पुढे तेही पुरेना, आणि 2017 ला महाराष्ट्रभर बोंडं सडली. कारणं मोजा: आश्रय पीक नाही, मे महिन्यातली पूर्वहंगामी लागवड, पाणी आहे म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओढलेली फरदड (वेचणीनंतरही शेतात ठेवलेलं जुनं पीक), पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग, जिनिंगच्या आवारात पडलेली सरकी. अळीला बारा महिने घर मिळालं. नंतर एकाच पिशवीत मिसळलेलं 475 ग्रॅमचं पाकीट आलं, म्हणजे वेगळी पुडी फेकायची सोयच उरली नाही.

आता यात वेडा शास्त्रज्ञ दाखवा पाहू. जनुक बनवणारा, अट कागदावर घालणारा, पाकीट विकणारा कृषी केंद्रवाला, पुडी फेकणारा शेतकरी. चौघंही शहाणी माणसं. रंगमंचावर 120 ग्रॅमची पुडी ठळक रंगाची ठेवा, ती हातातून हातात जाऊ द्या. डोमकळीसाठी (गुलाबी बोंडअळी लागल्याने न उमललेल्या फुलासाठी) पाकळ्या मिटलेलं कागदी फूल करा, ते मागच्या बाकावरूनही दिसतं.

एक सूचना: 'बीटी म्हणजे विष' आणि 'बीटी म्हणजे वरदान' ही दोन्ही वाक्यं संहितेतून काढा. खाणारा माणूस आणि खाणारी अळी यांची आतडी वेगळी असतात, क्रायचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सुटं होऊन तिथल्या विशिष्ट ग्राहकांना चिकटतं. पण बीटी वांग्याची गोष्ट बघा: ऑक्टोबर 2009 मध्ये सरकारच्या मंजुरी समितीने हिरवा कंदील दिला, सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 ला मंत्र्यांनी ते थांबवलं. बांगलादेशाने 2013 मध्ये त्याला परवानगी दिली. भरिताच्या वांग्यावर जीव असलेल्या जिल्ह्यात हा एक प्रसंग हमखास जमेल. मात्र दोन्ही बाजूंना चांगले संवाद द्या.

---

केळीबाग_यावल

पालकांच्या शंकेचं उत्तर थोडक्यात. टिश्यू कल्चरमध्ये जनुक घालत नाहीत. चांगल्या मातृवृक्षाच्या कंदाचा वाढीचा टोकाचा भाग घेतात, निर्जंतुक करून पोषक माध्यमात वाढवतात आणि फुटवे वेगळे करत जातात. फार पिढ्या ओढल्या तर रोपांत फरक दिसू लागतो, म्हणून ठराविक मर्यादेत थांबतात. मग हरितगृहात आणि शेडनेटमध्ये पिशवीत रोप कणखर करून शेतात देतात. लागवडीपासून साधारण 11-12 महिन्यांत घड कापणीला येतो.

'बी नाही म्हणजे लॅबचा खेळ' हेही कानावर येतं. ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. जुन्या बसराई वाणातही बी नव्हतंच.

खरी चिंता सांगायची तर रोप विषाणूमुक्त आहे का, ही. त्यासाठी तपासणी आणि प्रमाणपत्र असतं, बिलासोबत ते मागा. आपल्याकडे हरण्या हा विषाणूरोग येतो तो मावा या किडीमार्फत, बहुतेक वेळा बागेभोवतीच्या काकडी, भोपळ्यासारख्या पिकांतून आणि तणांतून. रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं. त्याचं पान कापून बरं होत नाही.

पिकवण्याचंही तसंच. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी येते. इथिलीन हा केळी स्वतःच सोडते तोच वायू, तो रायपनिंग चेंबरमध्ये 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) वापरायची मुभा आहे. आता घातक काय? कार्बाइडची पुडी. ती कुठल्या शास्त्रज्ञाने तुमच्या वखारीत आणून ठेवलेली नसते.

---

विवेकी_चोपडा

मंडळी, सगळे शास्त्रज्ञ बिचारे निघतील असं करू नका हं, ते खोटं होईल. फ्रिट्झ हाबर घ्या. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची पद्धत त्याची, 1918 चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. आपल्या प्रत्येक युरियाच्या गोणीची सुरुवात तिथूनच होते. त्याच हाबरने 22 एप्रिल 1915 ला, पहिल्या महायुद्धात, इप्रच्या आघाडीवर विषारी क्लोरीन वायू सोडण्याची आखणी केली. ना केस पिंजारलेले, ना हसणं गडगडाटी. शिस्तीचा, देशभक्त, वर्दी घातलेला गृहस्थ.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. टस्कीगीत 1932 पासून 1972 पर्यंत सिफिलिस झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं पाहत राहिले. पेनिसिलिन हाती आल्यावरही. हे चालवत होतं सरकारी आरोग्य खातं, निधी घेऊन, अहवाल छापून. गुप्त तळघर नव्हतं तिथे. थांबलं कशामुळे? आतल्याच एका माणसाने वर तक्रार केली, दाद लागली नाही, तेव्हा त्याने कागद वर्तमानपत्रापर्यंत पोहोचवले.

म्हणून तुमच्या नाटकात आणखी एक पात्र घ्या: प्रयोगशाळेतली कनिष्ठ सहायक. ती 'हे चूक आहे' म्हणते आणि तिला उत्तर मिळतं, 'समितीने मंजूर केलंय.' खलनायक म्हणून हे एक वाक्य पुरे आहे, धूर कशाला?

---

शास्त्रशिक्षक_शिरपूर

चित्रचाचणीबद्दल. डेव्हिड चेंबर्सने 1983 मध्ये 4807 मुलांच्या चित्रांचा अभ्यास छापला, त्यात बाईचं चित्र फक्त 28 जणांनी काढलं होतं, आणि त्या सगळ्या मुलीच. खुणा मोजायच्या त्या सात: पांढरा कोट, चष्मा, दाढी-मिशी, उपकरणं, पुस्तकं-कपाटं, तांत्रिक वस्तू, आणि 'युरेका'सारखे शब्द. प्रत्येकी एक गुण.

करताना हे पाळा. कोरा कागद, 20 मिनिटं, सूचना एकच: 'शास्त्रज्ञ काम करताना काढा.' 'शास्त्रज्ञ काका' म्हणालात की निकाल तिथेच ठरला. भिंतीवरचे आइनस्टाइन आणि कलामांचे फोटो आदल्या दिवशी उतरवा, नाहीतर अर्धा वर्ग तेच उतरवतो. चित्राखाली 'हा माणूस काय करतोय' यावर दोन ओळी लिहून घ्या, त्याशिवाय रावेरची केळी तपासणारी बाई आणि स्वयंपाक करणारी बाई यात फरक कळत नाही.

या चाचणीची मोठी अडचण अशी की मूल आपला समज काढतं की समोरच्याला ओळखू येईल अशी खूण काढतं, हे चित्रावरून कळत नाही. म्हणून लगेच दुसरा कागद द्या आणि 'आता वेगळा शास्त्रज्ञ काढा' म्हणा. दुसऱ्या चित्रात कोट बऱ्याचदा उतरतो. नाटकानंतरची चाचणी दुसऱ्या दिवशी घेऊ नका, मुलं तुम्हाला हवं तेच काढतील. महिना जाऊ द्या.

नेपथ्याचं: ड्राय आइस टाळा. एक किलोतून 500 लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असल्याने खाली साचतो आणि तुमची छोटी मुलं पुढे सतरंजीवरच बसलेली असतात. बंद बाटलीत घातला तर बाटली फुटते. रंगबदल हवा असेल तर पाव चमचा हळद दोन चमचे स्पिरिटमध्ये विरघळवा, एक लिटर पाण्यात ओता, प्रसंगाच्या वेळी पापडखाराचं गाळलेलं पाणी टाका: लालभडक. लिंबू पिळलं की परत पिवळं. नुसत्या पाण्यात हळद विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून स्पिरिट. ते मिसळताना जवळ दिवा-उदबत्ती नको. कोट सुती घ्या, पॉलिस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं.

---

अमळनेर_रंगमंच

सर्वांचे आभार. स्फोट रद्द, सहायक मुलगी आणि 120 ग्रॅमची पुडी पक्की. मुलांना हसणं मात्र सोडवत नाहीये, एक जण म्हणतो ते कृषी केंद्रवाल्याला द्या.

---

बोंडअळी_धुळे

त्याला देऊ नका ताई, पुन्हा एकच खलनायक होईल आणि गावातले दुकानदार तुमच्यावर रुसतील. गडगडाट हवाच असेल तर पुडी बांधावर पडते तेव्हा ढोलकीवर एक थाप मारा. पुडीत खरं बियाणं मात्र भरू नका, त्यावर औषधाचा लेप असतो. भिजवलेली मटकी वाळवून गुलाबी रंग लावा आणि नाटक संपलं की मोजून परत घ्या.