नाटकांच्या फोटोंसाठी नवी बॉडी आणि काकांचा फिल्म कॅमेरा एफएम१० : सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निकॉन डी३२०० आहे. सोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ३५ एमएम एफ१.८जी डीएक्स (लहान सेन्सरसाठी बनवलेली), एवढाच संसार. आमच्या हौशी संस्थेच्या नाटकांचे फोटो मीच काढते. दिवसाउजेडी या कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही. पण रंगमंचावर निळा उजेड, त्यात एकच स्पॉट आणि नट काही एका जागी उभा राहत नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला मागचा काळा पडदा रांगोळी सांडल्यासारखा दिसतो. त्याहून मोठी अडचण आवाजाची. नेमक्या शांत प्रसंगात कॅमेऱ्यातला आरसा खटकन उडतो आणि पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघतात. दिग्दर्शकाने आता 'दुसऱ्या अंकात कॅमेरा पिशवीत' असं फर्मानच काढलंय.

बजेट ऐंशी हजार, ओढूनताणून नव्वद. सेकंडहँड चालेल. डोक्यात जुनी डी७५० आहे किंवा जुनी झेड६ (आरसा नसलेली, मिररलेस) आणि सोबत एफटीझेड ॲडाप्टर, म्हणजे आधीच्या निकॉन लेन्स तिच्यावर बसतील. झेड५०-२ नवी कोरी मिळेल, पण तिच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही म्हणून मन घेत नाही.

त्यात रत्नागिरीच्या काकांनी त्यांचा एफएम१० माझ्या हवाली केलाय, ३५-७० लेन्ससकट. (नाव निकॉनचं, बनवलेला कोसिनाने.) काका उटीचे 'इंदू' कृष्णधवल रोल वापरत मोठे झालेले, त्यामुळे 'रोल भर आणि सुरू कर, त्यात काय विचारायचं' एवढंच म्हणतात. दोन एलआर४४ सेल घातले, उजेड मोजणाऱ्या मीटरचे दिवे लागतात. मागचं झाकण उघडून रिकामाच एक सेकंदावर दाबून बघितला, शटरचा पडदा नीट उघडतो-मिटतो. पण झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटतो, आणि लेन्समधून टॉर्च मारला की कडेला बारीक पांढरे धागे दिसतात.

माझी ३५ एमएम या कॅमेऱ्यावर चालेल का? तिला ॲपर्चर रिंगच (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी कडी) नाही. आणि नवी बॉडी अशी घेता येईल का, की लेन्सचे दोन वेगळे संसार थाटावे लागणार नाहीत?

प्रतिसाद

३५ एमएम जी लेन्स एफएम१० ला बसेल, पण उपयोग नाही. रिंग नसल्यामुळे ती सगळ्यात लहान ॲपर्चरवरच अडकते. शिवाय डीएक्स आहे, फिल्मच्या फ्रेमचे कोपरे काळवंडतील.

पांढरे धागे म्हणजे बुरशी. कोकणातल्या कपाटात चामडी केसमध्ये राहिलेल्या लेन्सला ती धरतेच. ही ३५-७० लेन्स बाकीच्यांसोबत एका बॅगेत ठेवू नका. साफ करायचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होईल, तेव्हा तिचा मोह सोडा. फोम मात्र बदलून घ्याच, नाहीतर रोलवर उजेडाचे लाल-पिवळे पट्टे येतील.

तिच्याऐवजी जुनी ५० एमएम एफ१.८डी शोधा. हिला रिंग आहे, त्यामुळे एफएम१० वर मजेत चालते. तुमच्या डी३२०० वर मीटरिंग मिळेल, फोकस हाताने करावा लागेल, कारण त्या बॉडीत फोकसची मोटर नाही. डी७५० मध्ये मोटर आहे, तिथे ऑटोफोकसही होतो. एफटीझेडमध्ये मोटर नाही, म्हणून झेड६ वर पुन्हा हातानेच, पण फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) असल्याने जड जात नाही.

या हिशोबाने डी७५० सोयीची वाटेल. तरी मी झेड६ घेईन. डी७५० च्या 'क्वाएट' मोडमध्येही आरसा उडतोच, दुसऱ्या अंकातली बंदी काही उठणार नाही. झेड६ चं सायलेंट शटर खरोखर मुकं आहे. एक गोची : एलईडी लाइट असतील तर सायलेंटमध्ये आडवे पट्टे येऊ शकतात. रंगीत तालमीला १/५० आणि १/१०० शटर स्पीडवर दोन-चार फोटो काढून आधी तपासा. तुमची ३५ एमएम एफटीझेडवर ऑटोफोकससह चालेल, पण डीएक्स असल्याने २४ मधले साधारण १० मेगापिक्सेलच हाती येतील. फेसबुक आणि ए४ प्रिंटला तेवढे रग्गड.

फिल्म नाटकाला वापरू नका, पहिले रोल तरी उन्हातच काढा. आयएसओ २०० चा रंगीत रोल असेल तर मीटरचा आयएसओ १०० वर ठेवा, निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही.

धागाकर्ती

खूप आभार! डी७५० यादीतून बाद. ५० एमएम डी साठी फोर्टात बोरा बाजारला चक्कर मारते. दुकानात लेन्स बघताना टॉर्चशिवाय आणखी काय तपासायचं?

प्रतिसाद

ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का ते बघा आणि रिंग एफ२२ पर्यंत खटाखट फिरते ना, ते पाहा. आणि रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हव्यात असं आधीच बजावा, काही लॅब नुसते स्कॅन पाठवून मोकळ्या होतात.