महापालिकेचा हॉल कुणाला आणि किती भाड्याने दिलाय, हे कसं शोधायचं?

वॉर्डातला_एक

नमस्कार मंडळी. आमच्या वॉर्डात महापालिकेचं बहुउद्देशीय सभागृह आहे, खाली व्यायामशाळा आणि वर हॉल. बांधलंय महापालिकेने, दारावर पाटी पण महापालिकेचीच, पण बरीच वर्षं एक संस्था ते चालवते. हॉल बुक करायला गेलं की पावती संस्थेच्या नावाची मिळते, रेट ते सांगतील तो, आणि व्यायामशाळेला तर बहुतेक वेळा कुलूपच असतं. महापालिकेला यातून काय मिळतं, करार कधीचा, संपला की चालू आहे, कुणालाच माहीत नाही. क्षेत्रीय कार्यालय म्हणतं मालमत्ता विभागात जा, मालमत्ता विभाग म्हणतो फाइल भवन खात्याकडे आहे, भवनवाले म्हणतात आम्ही फक्त बांधतो.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. विचारलं होतं की हे सभागृह संस्थेला का दिलं, टेंडर का काढलं नाही, आणि शहरात असे किती हॉल कुणाकुणाला दिलेत त्याची यादी द्या. उत्तर आलं, "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही" आणि यादीबद्दल "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही". झालं, विषय संपला त्यांच्या दृष्टीने.

आता अपील करू की नवीन अर्ज टाकू? आणि मागायचं नक्की काय? आमचं शहर मुंबई नाही, पण महापालिका आहे.

चहा_कमी_साखर

काही होत नाही भाऊ. आमच्याकडे पण असंच झालेलं, माहिती मिळाली, पेपरात बातमी आली, आणि हॉल अजून त्याच माणसाकडे. माहितीचा अधिकार म्हणजे त्यांनी तुम्हाला कागद द्यायचे आणि तुम्ही ते फाइलला लावून ठेवायचे.

जुना_टिपणीवाला

वरच्यांचा वैताग समजतो, पण अर्धवट कागदाने काही होत नाही हेही खरंय. मी महापालिकेच्या लेखा विभागात नोकरी केलीय, आता रिटायर, म्हणून आतून कसं चालतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, "का" विचारू नका. कायद्यात माहिती म्हणजे रेकॉर्डवर जे आहे ते, कलम २(च) बघा. का दिलं याचं उत्तर लिहून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, आणि तो ते बरोबर ओळखून तुम्हाला परत पाठवतो. पण "का" चं उत्तर ज्या कागदावर आहे तो कागद मागितला की त्याला पळता येत नाही. तो कागद म्हणजे टिपणी. कुठलीही मिळकत कुणाला द्यायची म्हटलं की खालचा क्लार्क टिपणी लिहितो, ती वर चढत जाते, प्रत्येकजण शेरा मारून सही करतो, मग विषयपत्र स्थायी समितीकडे नाहीतर मुख्य सभेकडे जातं आणि ठराव होतो. कुणी सुचवलं, कुणी हरकत घेतली, ती हरकत कुणी बाजूला ठेवली, सगळं त्या नस्तीत, म्हणजे फाइलीत असतं. एक ध्यानात ठेवा, २०२२ नंतर कित्येक महापालिकांवर प्रशासक होते आणि समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच, तेव्हा त्या काळातलं प्रकरण असेल तर प्रशासकांच्या मंजुरीचा ठराव मागा, नाहीतर "समितीचा ठराव आढळून येत नाही" असं उत्तर येतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं!

आता मागायचं काय. मिळकत नोंदवहीतलं त्या हॉलचं पान, ठराव आणि त्यामागची टिपणी, भाडं कसं ठरवलं तो मूल्यांकनाचा कागद, करारनामा, आणि शेवटी मागणी-वसुलीची नोंदवही. लोक करारावर थांबतात, मी म्हणतो खरी गंमत शेवटच्या कागदात आहे. करार छान असतो हो, त्यात भाडेवाढ लिहिलेली असते, पोटभाडेकरू ठेवू नये लिहिलेलं असतं, मुदत लिहिलेली असते. पण करारातली भाडेवाढ मागणी रजिस्टरला चढवायची राहते, मग त्या जुन्याच रकमेचं बिल निघतं, संस्था ते भरते, आणि कागदावर थकबाकी शून्य! मुदत संपून गेली तरी बिलं निघतच राहतात, कारण मुदत बघायचं काम कुणाच्याच टेबलावर नाही. यात प्रत्येक वेळी कुणी पैसे खाल्लेले असतात असं नाही, पण ज्याला खायचे असतात त्याला हे फार सोयीचं पडतं.

कायद्याचं म्हणाल तर मुंबई सोडून बाकी महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो, त्यात कलम ७९. मिळकत विका, भाड्याने द्या, काही करा, मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये असं त्यात आहे. अपवाद आहेत, पण मग तो अपवाद वापरल्याचा कागद फाइलीत हवा. शिवाय भाडेपट्टा नूतनीकरणाचे २०१९ चे वेगळे नियम आहेत, त्यातले दर पुढे बदललेत, म्हणून तुमचा करार कुठल्या तारखेचा आहे ते आधी बघा आणि मगच भाडं कमी की जास्त ते ठरवा.

आणि एक फुकटचा सल्ला, मुख्य लेखापरीक्षकांचे अहवाल वाचा. त्यांनी स्थायी समितीला दरवर्षी अहवाल द्यायचा असतो. मालमत्ता विभागावरचे आक्षेप त्यात मुद्देसूद असतात, "वसूलपात्र रक्कम" असा शब्द शोधा. आमच्याच माणसाने आमच्याच खात्याची चूक लिहून ठेवलेली असते आणि ते कुणी वाचत नाही. तुमचं काम निम्मं तिथेच होऊन जाईल.

सोमवारी_तीन_वाजता

टिपणीवाले काकांना +१. अर्जाबद्दल थोडं.

महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी अट आहे, म्हणून हॉलचा अर्ज वेगळा आणि शहराच्या यादीचा वेगळा करा. फी १० रुपये. यादी "संकलित नाही" म्हणत असतील तर वाद घालत बसू नका, मिळकत नोंदवहीच्या अवलोकनाची मागणी करा, कलम २(ञ) मध्ये रेकॉर्ड तपासायचा हक्क आहे. त्यांना काही संकलित करावं लागत नाही, रजिस्टर टेबलावर ठेवायचं फक्त, बाकी डोळे आपलेच. बघताना हवी ती पानं मार्क करा आणि तेवढ्याच झेरॉक्स मागा, दोन रुपये पान. नाहीतर काय करतात, हजार पानांचं शुल्क भरा म्हणून पत्र पाठवतात आणि माणूस तिथेच गार पडतो.

अजून एक, २६ नोव्हेंबर २०१८ चं सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक शोधून प्रिंट काढून ठेवा. दर सोमवारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्या असं त्यात आहे, जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिका वगैरेंसाठी. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच पुढे राज्याने उचलली. बरेच ठिकाणी दारावरच सांगतात की असं काही नसतं. वाद न घालता परिपत्रक समोर ठेवायचं, साहेब फोन करतात कुणालातरी, आणि मग खुर्ची मिळते. प्रत्येक वेळी मिळेल याची गॅरंटी नाही, पण मिळते.

अपील ३० दिवसांच्या आत करायचं असतं, उत्तराची तारीख बघा आणि मुदतीत असाल तर दोन्ही करा, यादीसाठी अपील आणि हॉलसाठी नवीन अर्ज. पहिल्या अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलाचा नंबर लागायला मात्र फार वेळ जातो, त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच काम उरकायचं बघा. सुनावणीला स्वतः जा!! निम्मे लोक जात नाहीत.

इंडेक्स_टू

सगळे महापालिकेच्याच दारात का उभे आहात? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, नोंदणी कायद्याचं कलम १७. म्हणजे त्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे असणार. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून वर्षावर्षाने शोधायचं, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) दिसते, त्यात कोण कोणाला देतंय, मोबदला किती, तारीख काय सगळं येतं. साइट रडते, कॅप्चा चार वेळा चुकतो, रात्री उशिरा बरी चालते. नंबर माहीत नसेल तर आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा.

सापडलं तर उत्तम, करार हातात नसताना माहिती हातात. नाही सापडलं तर अजून उत्तम, कारण मग प्रश्न असा होतो की इतकी वर्षं महापालिकेची इमारत विनानोंदणी कराराने दुसऱ्याकडे आहे, की करारच नाही? ११-११ महिन्यांचे तुकडे करून पण देतात हां, तेही ध्यानात ठेवा.

चहा_कमी_साखर

हे मला माहीत नव्हतं, करून बघतो आमच्या केसमध्ये. पण एक सांगा, ते म्हणणार संस्थेची खाजगी माहिती आहे देता येत नाही. आमच्याकडे तेच लिहून दिलं.

सोमवारी_तीन_वाजता

@चहा_कमी_साखर हो, आता हे वाढणार. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचं ८(१)(ञ) बदललं, आधी तिथे जनहिताचा संबंध वगैरे तपासायला लागायचं, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" असा शिक्का मारायची सोय झालीय. पण ८(२) जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहिती पण देता येते. आणि मुळात संस्था म्हणजे व्यक्ती नाही, महापालिकेशी केलेल्या करारातली भाड्याची रक्कम कुणाची वैयक्तिक कशी होईल? अपिलात हेच लिहा. आधार नंबर, मोबाइल नंबर झाकून बाकीचं द्या म्हणून सांगा, कलम १० त्यासाठीच आहे.

कधी कधी कलम ११ दाखवतात, त्रयस्थ पक्षाने हरकत घेतली म्हणून नाकारतात. हरकत ऐकून घ्यायची असते, निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच करायचा असतो. संस्थेला नकाराधिकार नाही दिलेला कुणी.

वाचनालय_प्रेमी

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. आमच्या भागात अशाच एका महापालिकेच्या जागेत नाममात्र भाड्यावर अभ्यासिका चालते. मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात, चालवणारे लोक स्वतःच्या खिशातून पंखे दुरुस्त करतात. कुणीतरी असाच बाजारभावाचा मुद्दा काढला आणि नोटीस आली. बाजारभावाने टेंडर काढलं तर तिथे काय येणार, अभ्यासिका की कोचिंग क्लास? म्हणून सरसकट सगळ्यांना चोर समजून सुटू नका एवढंच.

जुना_टिपणीवाला

@वाचनालय_प्रेमी अगदी मान्य. पण म्हणूनच यादी जाहीर पाहिजे. आज अभ्यासिका आणि एखादा लग्नाचा हॉल एकाच कपाटात एकाच अंधारात आहेत, म्हणून नोटीस नेमकी ज्याचं वजन नाही त्याला जाते. कमी भाडं द्यायचं असेल तर ठरावात कारणासकट लिहा, वेळ, फी, किती लोकांना फुकट वापर हे करारात लिहा आणि ती पाटी दारावर लावा. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे सवलती कुणाला दिल्या हे महापालिकेने न मागता जाहीर करायचंच आहे. वेबसाइटवर "१७ मुद्दे" म्हणून लिंक असते बघा, उघडली तर जुनी पीडीएफ नाहीतर कोरं पान.

आणि ही ढिलाई फक्त गल्लीतल्या हॉलपुरती नाही. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचं लीज २०१३ ला संपलं आणि त्या जागेचा तोडगा निघाला २०२४ ला. एवढी मोठी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची जागा, तिथे ही तऱ्हा.

वॉर्डातला_एक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ई-सर्चला आत्ताच बसलो होतो, मिळकत पत्रिकेवर महापालिकेचं नाव स्वच्छ आहे, पण हाती लागलेल्या वर्षांत संस्थेच्या नावाचं काही दिसत नाही, जुनी वर्षं बघायची आहेत अजून. अपिलाची मुदत शिल्लक आहे, ते करतो.

एक शंका राहिली. आमच्या सोसायटीतले काही जण म्हणतात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज टाकू, एकट्याचं नाव नको. घरी पण थोडी काळजी आहे, संस्थेची माणसं ओळखीतली आहेत.

इंडेक्स_टू

लेटरहेडवर नको, अर्ज नागरिकाने करायचा असतो, संस्था म्हणून केला की तेवढ्याच कारणावरून परत येऊ शकतो. पण घरच्यांची काळजी उडवून लावू नका. २०१० मध्ये तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला, जमिनीचीच प्रकरणं बाहेर काढत होते ते. तुमचा हॉल छोटा विषय असेल, तरी चार-पाच जणांनी आपापल्या नावाने वेगवेगळ्या कागदांचे अर्ज टाका, एक ठरावाचा, एक वसुली रजिस्टरचा, असं. कारण विचारायचा त्यांना अधिकार नाही, कलम ६(२). आणि मिळालेला प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन करून सगळ्यांकडे ठेवा, म्हणजे एकालाच गाठण्यात कुणाला रस राहत नाही.

सोमवारी_तीन_वाजता

आणि अवलोकनाला जाताना दोघं-तिघं मिळूनच जा. एकाने पानं उलटायची, एकाने आवक क्रमांक आणि तारखा लिहून घ्यायच्या. फोटो काढू देतात का ते आधीच लेखी विचारा, तिथे गेल्यावर विचारलं तर नाहीच म्हणतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी.