रेडिओ ऑकल्टेशनला 'बायस नसलेलं' म्हणणं आता पुरे

वातकुक्कुट

हवामानाच्या मॉडेलांत उपग्रहांना दोन न्याय आहेत. मायक्रोवेव्ह, इन्फ्रारेड निरीक्षणं आली की आधी त्यांचा बायस (सतत एकाच दिशेने होणारी चूक) दुरुस्त होतो. जीपीएस रेडिओ ऑकल्टेशन मात्र तसंच आत घेतात, वर त्याला 'अँकर' म्हणतात, म्हणजे बाकीची निरीक्षणं ज्याच्यावर बेतायची ते. कारण ठरलेलं: सुमारे 20,200 किमी उंचीवरच्या उपग्रहाचा सिग्नल वातावरणातून वाकत खालच्या कक्षेतल्या रिसीव्हरकडे येतो, तो किती वाकला हे अणुघड्याळाच्या जोरावर कळतं, आणि घड्याळ काही घसरत नाही.

घड्याळ बिनचूक आहे, मान्य. पण ते फक्त वेळ मोजतं. वेळेपासून तापमान-बाष्पापर्यंत जाताना वाटेत बरीच गृहीतकं भरावी लागतात. सगळ्यात वाईट अवस्था तळाशी. अपवर्तनशीलता (हवा किरणाला किती वाकवू शकते त्याचं माप) वर जाताना दर किलोमीटरला 157 एककांहून वेगाने घटली की किरण पृथ्वीच्या गोलाईपेक्षा जास्त वाकतो आणि थरात अडकतो. पेरू-चिली किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर थंड समुद्रावर एक-दोन किमी उंचीला हे नेहमीचंच. मग एकाच बेंडिंग अँगलमध्ये (किरण वाकल्याच्या कोनात) असंख्य प्रोफाइल (उंचीनुसार अपवर्तनशीलतेचे आलेख) बसतात, आणि वाकण्यावरून अपवर्तनशीलता काढणारी रूढ आबेल पद्धत खरी असते त्याहून कमी अपवर्तनशीलता दाखवते. दर वेळी कमीच. याला बायस नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मिलीबार

धाग्याचं शीर्षक चटकदार आहे, पण हे कोणापासून लपलेलं नाही. म्हणूनच जमिनीलगतच्या निरीक्षणांना गृहीत चूक मोठी देतात, म्हणजे वजन कमी. साधारण 8 ते 30 किमीच्या पट्ट्यात ती सगळ्यात लहान असते आणि 'अँकर' म्हणतात ते त्या पट्ट्याला.

तो अँकर हवाच. रेडिअन्सचा (मायक्रोवेव्ह-इन्फ्रारेड उपग्रह मोजतात त्या प्रारणाचा) बायस शेवटी मॉडेलशी तुलना करूनच काढतात. मॉडेलचं स्थितांबर मुळात गरम असेल तर सगळे उपग्रह त्या गरमपणाकडे 'दुरुस्त' होणार. कुंपणानेच शेत खायचं, दुसरं काय! एप्रिल 2006 मध्ये कॉस्मिक या रेडिओ ऑकल्टेशन मोहिमेचे सहा उपग्रह गेले, आणि हे ओढून धरणारं काहीतरी पहिल्यांदा पुरेशा संख्येने मिळालं. त्यालाही मॉडेलच्या मापाने कापलं तर हातात काय उरतं?

वातकुक्कुट

वजन कमी केल्याने बायस जात नाही. गृहीत चुकीच्या मांडणीत सरासरी शून्य धरलेली असते. हजार प्रोफाइल एकाच दिशेने खोटं बोलले तर विश्लेषणाला (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून काढलेल्या चित्राला) ते एकमत वाटतं. आणि प्रोफाइलांची संख्या वाढतेच आहे. कॉस्मिक-2 जून 2019 मध्ये गेलं तेही 24 अंश कलाच्या कक्षेत, म्हणजे बहुतेक निरीक्षणं उष्ण कटिबंधातली आणि त्याच्या लगतची, जिथे खाली बाष्पाचा खेळ चालतो.

काठावरचा

तळाचंच काय, मधल्या 'पवित्र' पट्ट्यातही एक गंमत आहे. अपवर्तनशीलता म्हणजे 77.6 गुणिले दाब भागिले तापमान, अधिक बाष्पाचं पद. हा 77.6 आला स्मिथ आणि वाइनट्रॉब यांच्या 1953 च्या सूत्रातून. रूगर यांनी 2002 मध्ये सुचवलेला आकडा 77.6890 आहे. फरक सुमारे 0.1 टक्का. अँकर ज्या दोराला बांधलाय तो दोर कोणत्या मापाने मोजला, हे तरी विचारा.

मिलीबार

0.1 टक्क्याने घाबरवू नका. कोरड्या हवेचं तापमान काढताना घनता आणि दाब दोन्ही त्याच प्रमाणात बदलतात. गुणोत्तरात फरक कापला जातो.

शून्यप्रहर

@मिलीबार, तापमान वेगळं काढून वापरत असाल तर कापला जातो. मॉडेलमध्ये थेट बेंडिंग अँगल घेतात. तिथे जमिनीवरचा दाब वेगळ्या निरीक्षणांनी आधीच बांधलेला असतो, त्यामुळे तडजोड करायला प्रामुख्याने तापमानच उरतं. फरक छोटाच, पण ज्याच्यावर बाकी सगळे बेतायचे त्याच्या बाबतीत छोटं म्हणून सोडून चालत नाही.

वरच्या टोकाचंही कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जमिनीलगत सिग्नल साधारण एक अंश वाकतो; 60 किमीवर काही मायक्रोरेडियनच. त्यात आयनांबराचा हिस्सा मिसळलेला. जीपीएसच्या एल1 आणि एल2 या दोन वारंवारता एकत्र करून त्यातला मुख्य भाग जातो, पण थोडा उरतो. दिवसा जास्त, सूर्य खवळलेला असताना आणखी जास्त. म्हणजे 11 वर्षांच्या सौरचक्राबरोबर वरखाली होणारी चूक. उद्याच्या पावसाला त्याने फरक पडत नाही, पण वरच्या स्थितांबरातला तापमानाचा कल काढणाऱ्याला ती सहज फसवेल.

मिलीबार

आयनांबराचं मान्य. त्यावर उपायही आहे: दोन वारंवारतांच्या बेंडिंग अँगलमधल्या फरकाच्या वर्गावर बेतलेली जादा दुरुस्ती 2015 मध्येच मांडली गेली. ती खुशाल लावा, कारण तिला मॉडेल लागत नाही. माझा विरोध फक्त मॉडेलकडे बघून दुरुस्त करण्याला आहे.

वातकुक्कुट

मग तळाचं काय? किरण अडकतील अशा जागी निरीक्षण टाकूनच द्या, असं मी म्हणेन.

शून्यप्रहर

आणि अडकतील हे ठरवणार कोण? मॉडेलमधल्याच अपवर्तनशीलतेचा उभा उतार बघून, ना? ज्या सागरी ढगांच्या थरात मॉडेल हमखास चुकतं तिथेच ते सांगणार की निरीक्षण विश्वासाचं नाही. सिग्नलची ताकद आणि तो किती खोल गेला हे रिसीव्हरकडूनच कळतं, निकष त्यावर बसवायला हवा.

वातकुक्कुट

चालेल. पण तसा निकष लागेपर्यंत 2 किमीच्या खालचं वजन शून्य ठेवा.

मिलीबार

शून्य नाही. समुद्रावर तेवढ्या खाली ढगांतून आरपार बघणारं दुसरं आहे तरी काय तुमच्याकडे?