बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांत निघाली, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच आहे. काय करू?

शिराळकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही मिनियापोलिसला असतो. माझ्या मुलाने (वय 14) दीड वर्षापूर्वी बॉल पायथनचं पिल्लू आणलं. नाव मोरू. आता अडीच फुटांचा झालाय. माझं माहेर बत्तीस शिराळ्याचं, त्यामुळे सापाची भीती कधी वाटली नाही, पण साप घरात पाळायचा हे पचायला मला सहा महिने लागले. आता मुलापेक्षा माझाच जीव त्याच्यात जास्त अडकलाय.

आजवर दर पाच-सहा आठवड्यांनी त्याने तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड कात टाकली. या वेळी पोट गुलाबी झालं, डोळे दुधाळ निळे झाले, मग निवळले, इथवर सगळं नेहमीसारखं. डोळे निवळल्यावर एरवी चार-पाच दिवसांत कात पडते. या वेळी आठ दिवस लागले आणि पडली ती कांद्याच्या सालीसारखी तुकड्यातुकड्यांनी. पाठीवर पट्टे राहिलेत, शेपटीच्या टोकाशी एक घट्ट कडं आहे, आणि डावा डोळा चंदेरी, सुरकुतलेला दिसतोय.

काल मी चिमट्याने पाठीवरचा एक तुकडा ओढला. मोरू अंग चोरून गोळा झाला, आणि त्या जागी खवल्यांच्या कडेला लालसर दिसलं. माझा हात तिथेच थांबला. आमच्याकडे नागपंचमीला विळी-चाकू लावत नाहीत, चिरायचं-कापायचं काही करत नाहीत. रात्रभर तेच मनात येत राहिलं.

सासूबाई म्हणतात खोबरेल लाव. मुलाने व्हिडिओ पाहिलाय, त्यात डोळ्यावरचा पापुद्रा चिकटपट्टीने काढतात. टाकी काचेची, वर जाळीचं झाकण, त्यावर दिवा, खाली कागद. आर्द्रतेचा काटा 60 दाखवतो, म्हणजे ठीकच ना? बाहेर उणे 22 आहे, घरातलं हीटिंग दिवसरात्र चालू. काय करू?

ओली_माती

ताई, आधी ती चिकटपट्टी घरात कुठे असेल तिथून उचलून टाका, मग पुढचं वाचा.

मी लीड्सला असतो, चौदा वर्षं साप पाळतोय. तिसऱ्या वर्षी माझ्या कॉर्न स्नेकचा उजवा डोळा असाच राहिला होता. मी चिकटपट्टीच वापरली. पापुद्रा निघाला, पण त्याच्याबरोबर खालचा नवाही फाटला. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तेच त्याचं झाकण, आणि दर कातीला जुना जाऊन नवा उघडा पडतो. तो फाटला की डोळा कोरडा पडतो. आठवड्याभरात पू झाला, आणि शेवटी डॉक्टरांनी डोळा काढला. ती मादी अजून माझ्याकडे आहे. उंदीर तिला डाव्या बाजूनेच दाखवावा लागतो. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही हात थांबवलात ते फार बरं केलंत.

आता हे झालं कशाने? डोळे दुधाळ होतात तेव्हा जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव पाझरत असतो. त्यानेच दोन थर सुटे होतात. अंगात आणि हवेत ओल कमी असली की थर नीट सुटत नाहीत, जुनी कात वाळून चिकटते आणि ओढली की फाटते. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिनकडे तो दिवसभर उंदरांच्या बिळांत, वारुळांत पडून असतो. वर रान कोरडं असलं तरी बिळातली हवा दमट असते. तुमच्याकडे उणे 22 ची हवा आत येऊन तापते तेव्हा ती चुलीवरच्या तव्यासारखी कोरडी होते, आणि त्यात जाळीवरचा दिवा उरलीसुरली ओल वर खेचून घेतो. अशा टाकीत 60? माझा त्या काट्यावर विश्वास नाही. काचेला चिकटवायचे ते गोल काटे पुष्कळदा अडकून बसतात.

आज रात्रीच तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाका, मीठ ओलं झालं पाहिजे पण विरघळता कामा नये. ते झाकण आणि काटा एका झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता होतेच. काटा 75 च्या आसपास नसेल तर तो फेकून द्या आणि डिजिटल आणा.

आता मोरूचं. झाकणाची भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या. कोमट पाणी, 29-30 अंश, थर्मामीटरने मोजून, हाताच्या अंदाजाने नको. पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंतच. अर्धा तास, आणि तुम्ही तिथून उठायचं नाही. मग जाडसर टॉवेल ओला करून पिळा आणि दोन्ही हातांत सैल धरून त्याच्यातून मोरूला आपणहून सरकू द्या. टॉवेल घासायचा नाही, साप सरकेल तेवढंच घर्षण. पाठीवरचे पट्टे यातच सुटतील. एका दिवसात सगळं निघालं पाहिजे असा हट्ट नको, एक दिवस सोडून पुन्हा करा.

शेपटीच्या कड्याकडे मात्र दुर्लक्ष नको. पुढे अंग वाढतं, कडं वाढत नाही. रक्त अडलं की टोक काळं पडून वाळतं. भिजवल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने टोकाकडे, फक्त टोकाकडे, हलकेच लोटत राहा. दोन-तीन वेळा करूनही हललं नाही किंवा टोकाचा रंग बदलला तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

डोळा तसाच राहू द्या. हवा सुधारली तर बहुतेक वेळा तो पापुद्रा पुढच्या कातीबरोबर जातो. डोळा सुजला, पाणी आलं, लाल झाला, तर थांबू नका. आणि आधी खात्री करा की तो खरंच राहिलाय. पडलेले तुकडे टाकले नसतील तर डोक्याचा तुकडा उजेडात धरून बघा, डोळ्याच्या जागी कॉन्टॅक्ट लेन्ससारखी चकती दिसते का? कोरड्या अंगाच्या सापाचा डोळा नुसताही चेपल्यासारखा दिसतो.

टाकीत: कागद काढून नारळाच्या काथ्याचा भुसा तीन-चार इंच घाला. जाळीचा तीन चतुर्थांश भाग झाका, पण दिव्याच्या आसपास काही ठेवू नका, पेट घेईल. झाकणाला भोक पाडलेला एक डबा आणि आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), हे त्याचं बीळ. रोज टाकीभर पाणी फवारत बसू नका. खालचा थर चिखलासारखा राहिला की पोटाचे खवले सडतात.

शिराळकरीण

डोक्याचा तुकडा सापडला. उजवीकडे चकती आहे, डावीकडे गोल भोक. म्हणजे राहिलाच आहे. मीठ ठेवलंय पिशवीत. उंदीर दिला होता, खाल्ला नाही, काळजी करू का?

ओली_माती

कात यायच्या सुमारास बरेच जण खात नाहीत. आठवडाभर विचारूही नका त्याला. एक राहिलं: डोळ्यांच्या कडा आणि पाण्याचं भांडं भिंगाने बघा. खसखशीएवढे काळे हलणारे ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, आणि मग गोष्ट वेगळी.

वारुळवाट

मी पुण्याकडचा, वीस वर्षं साप सोडवायला जातो. तेलाबद्दल बोलायचं होतं. खोबरेल लावू नका. सासूबाईंचा हेतू चांगला, पण सापाच्या कातीला ओल लागते, ती पाण्यातून येते. तेलाने नुसतं अंग बुळबुळीत होतं आणि त्यावर भुसा चिकटतो.

रानातला साप कात काढायची सुरुवात ओठापासून करतो. दगडाच्या कडेला, मुळाला तोंड घासतो, ओठाची कात उलटली की मोज्यासारखी आतली बाजू बाहेर काढत पुढे सरकतो. गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत अडकलेल्या धामणीच्या काती मी पाहिल्यात, सहा-सात फुटांच्या, एक खवला तुटलेला नाही. त्या फटीनेच तिला मदत केलेली असते. मोरूच्या टाकीत एखादा खडबडीत दगड आणि सालीसकट लाकूड ठेवा. धारदार नको.

डोळे दुधाळ असताना त्याला हाताळू नका. त्याला धूसर दिसतं. मला येणारे निम्मे ‘आंधळा साप, अंगावर येतो’ असे फोन याच दिवसांतल्या सापांचे असतात.

आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी, कळकळीने: धामण असो, अजगर असो, नाग असो, आपल्याकडचा साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अंगणात अर्धवट कातीचा साप दिसला तर भिजवायला जाऊ नका, वनखात्याला किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवा. पावसाळी जमिनीवर त्याचं तो निभावतो.

शिराळकरीण

काट्याचं सांगते. बारा तासांनी पिशवीत 60. बाहेर काढून स्वयंपाकघरात ठेवला, तिथेही 60. अडकलेलाच होता. नवा डिजिटल टाकीत ठेवला तर 23. दीड वर्ष आम्ही त्या आकड्यावर निर्धास्त होतो. गेल्या हिवाळ्यात कसं निभावलं कोण जाणे, बहुधा तेव्हा टाकी बाथरूमच्या शेजारी होती म्हणून.

दुसऱ्यांदा भिजवल्यावर शेपटीचं कडं निघालं. अंगठीएवढं, आणि वाळल्यावर नखासारखं कडक. टोक गुलाबी आहे. पाठ मोकळी झाली. माइट नाहीत. डोळ्याला हात लावलेला नाही. मुलाला दादांच्या कॉर्न स्नेकची गोष्ट वाचून दाखवली, त्यानंतर चिकटपट्टीचं नाव काढलं नाही त्याने.

शिराळकरीण

सहा आठवड्यांनी लिहितेय. टाकीत आता 58 ते 62, डोळे दुधाळ झाल्यावर 70 पर्यंत नेलं. मोरू चार दिवस मॉसच्या डब्यातून बाहेर आला नाही. आज पहाटे दगडापाशी कात पडलेली, अखंड, अजून ओलसर आणि मऊ. मुलाने खिडकीच्या उजेडात डोक्याकडचा भाग उलगडला. दोन्ही चकत्या आहेत. उजवी काचेसारखी स्वच्छ, डावी जाड आणि पिवळट. नखाने कड उचलली तर दोन थर, एकावर एक. मोरूचा डावा डोळा काळाभोर, चकचकीत दिसतोय. रविवारी उंदीर देणार आहोत.