पाणी खाली गेलंय, पॉन्टून बोट कशी उतरवता? आपापले अनुभव लिहा

तलावाची पातळी उतरली की पंचाईत होते ती ट्रेलरची. पॉन्टून बोट (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) स्वतः दीड-दोन फूट पाण्यातही आरामात तरंगते, पण तिच्याखालचा ट्रेलर बाजूला व्हायला जास्त खोली लागते, आणि ती मिळेपर्यंत पाण्यात उतरणारा काँक्रीटचा रॅम्पच संपतो. अशा दिवसांत ज्यांनी बोट उतरवली-चढवली आहे त्यांनी तपशिलात लिहा. नव्यानेच बोट घेतलेल्यांना खूप मदत होईल.

---

गाडी मागे घ्यायच्या आधी मी काठी घेऊन पाण्यात उतरते. काँक्रीटची कड कुठे संपते ते पायाने चाचपायचं, मग पलीकडे काठी टेकवून बघायची. बऱ्याच रॅम्पच्या टोकाला खड्डा असतो. लोक इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवतात, तेव्हा पंख्याचा झोत तळाची वाळू-खडी उकरतो आणि तीच थोडी मागे उंचवटा होऊन साचते. पाणी भरपूर असताना चाकं तिथवर जातच नाहीत, म्हणून पत्ता लागत नाही. कड सापडली की तिच्या रेषेत काठावर खूण करते आणि तिथे एकाला उभं करते. चाकं तिथे पोचायच्या आतच त्याने ‘बस’ म्हणायचं.

---

वर लिहिलेल्या कडेवरून एकाचा ट्रेलर खाली गेलेला पाहिलाय. चाकं खड्ड्यात, चौकट काँक्रीटवर टेकलेली. गाडीने ओढलं की चाक उभ्या कडेला अडायचं. आणखी जोर लावला असता तर ॲक्सल वाकला असता. आम्ही सगळ्यांनी मिळून आधी बोट ढकलून मोकळी केली. ट्रेलर हलका झाल्यावर मागून उचलून चाकांपुढे जाड फळ्या सरकवल्या आणि मग गाडी अगदी हळू पुढे घेतली. निघाला. घाई केली नाही म्हणूनच निघाला.

---

उघड्या पडलेल्या काँक्रीटवरच्या शेवाळाबद्दल कोणीच लिहिलं नाही! मी खराट्याने चाकांच्या दोन्ही वाटा घासून घेतो. आणि ट्रेलरच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, लहान मुलं तर नाहीच नाही.

---

उतार सपाट असेल तर मागची बाजू तरंगायला लागते, पण नाक ट्रेलरच्या आधाराच्या फळ्यांवरच अडून राहतं. अशा वेळी बोटीवरचं एखादं माणूस मागे सरकलं की नाक उचललं जातं. तोवर विंचचा (बोट ट्रेलरला ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा सोडू नका. पॉन्टून वाऱ्याला शिडासारखी लागते, सुटली की आडवी होऊन काठाला घासते.

मोटर आधी पूर्ण वर. मग पाणी ओढायची जाळी बुडेल इतकीच खाली घ्यायची, आणि सुरू केल्यावर बाजूने थंडाव्याच्या पाण्याची धार येतेय ना ते बघायचं. धार गढूळ किंवा बारीक झाली तर लगेच बंद करा, गाळ ओढला जातोय. पुढे खोल पाण्यापर्यंत वल्ह्याने जा.

---

धरणाचं पाणी सोडत असतील तर दिवसभरातही पातळी उतरते. निघताना आम्ही पाण्याच्या रेषेवर खुंटी ठोकतो आणि दुपारी येऊन बघतो. खुंटीपासून पाणी फार मागे गेलं असेल तर संध्याकाळची वाट न बघता तेव्हाच बोट बाहेर काढतो.